हार्ली ग्रॅनव्हिल-बार्कर : लंडनची रंगभूमी बदलून ऐन भरात ती सोडणारे दिग्दर्शक

नाटकात कोण कुठे उभं राहील, कोणतं वाक्य किती वेगाने येईल, नेपथ्य कसं असेल, हे दिग्दर्शक ठरवतो. आज याचं कुणाला नवल वाटत नाही. १९०० च्या सुमारास लंडनमध्ये मात्र चित्र वेगळं होतं. हेन्री आयर्विंग, हर्बर्ट बीअरबोम ट्री यांच्यासारखे मोठे नटच नाट्यगृह चालवत. नाटक निवडलं जायचं ते त्यांना शोभेल असं. बाकीचे कलाकार त्यांच्याभोवती उभे राहायचे आणि नाटक चाललं की गर्दी असेपर्यंत महिनोन्‌महिने तेच चालायचं.

ही पद्धत मोडायला निघालेल्यांमध्ये हार्ली ग्रॅनव्हिल-बार्कर (१८७७-१९४६) हे नाव ठळक आहे. जुन्या ब्रिटिश लिखाणात त्यांचा उल्लेख ‘अभिनेता आणि प्रोड्यूसर’ असा सापडतो. इथे घोटाळा होऊ शकतो. त्या काळी ब्रिटिश रंगभूमीवर ‘प्रोड्यूसर’ म्हणजे आपण ज्याला दिग्दर्शक म्हणतो तो. पैसे घालणारा निर्माता नव्हे.

बार्कर यांचं शालेय शिक्षण फारसं झालं नव्हतं. आई रंगमंचावर काव्यवाचन आणि पक्ष्यांच्या आवाजाच्या नकला करायची. बार्कर स्वतः किशोरवयातच नट झाले. १८९९ मध्ये विल्यम पोएल यांनी त्यांना शेक्सपिअरचा ‘दुसरा रिचर्ड’ करायला दिला. पोएल हे शेक्सपिअर भव्य पडद्यांशिवाय, भरभर बोलत सादर व्हावा असं म्हणणारे, तेव्हा विक्षिप्त समजले जाणारे गृहस्थ. पुढच्याच वर्षी बार्कर यांनी ‘स्टेज सोसायटी’ या संस्थेसाठी बर्नार्ड शॉ यांच्या ‘कँडिडा’मध्ये तरुण कवीची भूमिका केली. ‘ती फुलराणी’ ज्यावर बेतलं आहे त्या ‘पिग्मॅलियन’चे लेखक ते हेच शॉ. अर्थात १९०० मध्ये लंडनची व्यावसायिक नाट्यगृहं त्यांना फारशी विचारत नव्हती.

कोर्ट थिएटरची तीन वर्षं

१९०४ मध्ये लंडनच्या स्लोन स्क्वेअरमधल्या कोर्ट थिएटरने बार्कर यांना शेक्सपिअरचं एक नाटक बसवायला बोलावलं. त्यांनी अट घातली : सोबत ‘कँडिडा’चे काही दुपारचे प्रयोग करू द्या. ते चालले. मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून व्यवस्थापक जे. ई. वेड्रेन यांच्या भागीदारीत नियमित हंगाम सुरू झाला.

त्यांची पद्धत साधी होती. नवं नाटक आधी आठवड्यातल्या काही दुपारी करून पाहायचं. प्रतिसाद मिळाला तर संध्याकाळी आणायचं. पण कितीही गर्दी झाली तरी ते थोड्याच आठवड्यांत थांबवून पुढचं घ्यायचं. आज नायक असलेला नट उद्या नोकराच्या भूमिकेत दिसायचा. मानधनही बेताचंच असे.

१९०७ पर्यंत इथे ३२ नाटकांचे ९८८ प्रयोग झाले. त्यांतले ७०१ प्रयोग एकट्या शॉ यांच्या ११ नाटकांचे होते. पंतप्रधान बाल्फोर ‘जॉन बुल्स अदर आयलंड’ पाहायला पुन्हा पुन्हा आले. त्याच नाटकाच्या खास प्रयोगाला सातवे एडवर्ड इतके हसले की खुर्ची मोडली, असं सांगतात. पण कोर्ट म्हणजे फक्त शॉ नव्हे. युरिपिडीसच्या ग्रीक शोकांतिका, गॉल्सवर्दी यांचं पहिलं नाटक, एलिझाबेथ रॉबिन्स यांचं स्त्रियांच्या मतदानहक्कावरचं नाटक आणि बार्कर यांचं स्वतःचं ‘द व्हॉयसी इनहेरिटन्स’ इथेच आलं. या शेवटच्या नाटकातला मुलगा वडिलांच्या प्रतिष्ठित वकिली पेढीत येतो आणि त्याला कळतं, की वडील वर्षानुवर्षं अशिलांचे पैसे वापरत आलेत. लंडनच्या नॅशनल थिएटरने हे नाटक १९८९ आणि २००६ मध्ये पुन्हा केलं.

बंदी घातलेलं नाटक

तेव्हा ब्रिटनमध्ये सार्वजनिक प्रयोगाआधी प्रत्येक नव्या नाटकाला लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कार्यालयाची परवानगी लागायची. १९०७ मध्ये बार्कर यांच्या ‘वेस्ट’ या नाटकाला ती नाकारली गेली. त्यात एका महत्त्वाकांक्षी राजकारण्याचे विवाहित स्त्रीशी संबंध येतात, बेकायदा गर्भपातात तिचा मृत्यू होतो आणि त्याचं मंत्रिपद हुकतं. स्टेज सोसायटीने सभासदांपुरते खासगी प्रयोग केले, तेव्हा ती भूमिका बार्कर यांनीच केली. ७१ लेखकांनी सेन्सॉरविरोधात ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं आणि १९०९ मध्ये संसदेला चौकशी समिती नेमावी लागली. व्यवस्था मात्र जागची हलली नाही. ती रद्द व्हायला १९६८ साल उजाडलं.

रंगभूमीने समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवावं, हा हट्ट त्यांनी तरीही सोडला नाही. १९१० मध्ये त्यांनी गॉल्सवर्दी यांचं ‘जस्टिस’ बसवलं. त्यात एकांतवासातल्या कैद्याचा एक संपूर्ण प्रवेश एकाही शब्दाविना आहे. त्याच वर्षी गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी एकांतवासाची मुदत कमी केली. त्या सुधारणेमागे या नाटकाचाही हात होता, असं मानलं जातं.

शेक्सपिअरवरची धूळ

१९१२ मध्ये सॅव्हॉय थिएटरमध्ये बार्कर यांनी ‘द विंटर्स टेल’ आणि ‘ट्वेल्फ्थ नाइट’ बसवली, १९१४ मध्ये ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’. खरं जंगल, खरे ससे दाखवण्याचा तो जमाना. बार्कर यांनी फूटलाइट काढून टाकले, रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेने पुढे वाढवला, रंगवलेले साधे पडदे लावले, संहिता जवळपास पूर्ण ठेवली आणि नटांना भरभर बोलायला लावलं. ‘ड्रीम’मधल्या पऱ्या नखशिखांत सोनेरी रंगवलेल्या होत्या. मेंडेल्सोनच्या नेहमीच्या संगीताऐवजी इंग्लिश लोकधुना आल्या. काही समीक्षक संतापले. आज शेक्सपिअर ज्या वेगाने आणि सुटसुटीतपणे सादर होतो, त्याची एक वाट इथून निघते.

मग ते थांबले का? एक कारण पैसा. कोर्टनंतर मोठ्या नाट्यगृहात गेलेली भागीदारी तोट्यात बुडाली होती. सतत बदलती नाटकं तिकीटविक्रीवर तगत नाहीत, त्यासाठी राष्ट्रीय नाट्यगृहच हवं, असं बार्कर यांचं म्हणणं होतं. समीक्षक विल्यम आर्चर यांच्यासोबत त्यांनी त्याचा खर्चासकट आराखडा १९०४ मध्येच तयार केला होता. महायुद्ध सुरू झालं आणि ती आशा मावळली. दुसरं कारण खासगी. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या दौऱ्यात ते हेलन हंटिंग्टन यांच्या प्रेमात पडले. कोर्टमधल्या अनेक नाटकांची नायिका असलेल्या पत्नी लिला मकार्थी यांच्याशी घटस्फोट झाला आणि १९१८ मध्ये त्यांनी हेलनशी लग्न केलं. हेलन यांना शॉ आणि ती नाटकमंडळी आवडत नसत. सगळा दोष त्यांच्यावर ढकलण्याची सवय बार्कर यांच्या मित्रांना होती. पण अभिनय तर त्यांनी आधीच जवळपास सोडला होता आणि तोट्याचा शीणही जुनाच होता.

त्यानंतर ते लेखनात रमले. १९२७ पासून प्रसिद्ध झालेले त्यांचे शेक्सपिअरवरचे ‘प्रिफेसेस’ दिग्दर्शकाच्या नजरेतून लिहिलेले आहेत. नट-दिग्दर्शक ते आजही वाचतात.

१९४० मध्ये ओल्ड व्हिक थिएटरमध्ये जॉन गिलगुड ‘किंग लिअर’ करणार होते. बार्कर यांनी सुमारे दहा दिवस तालमी घेतल्या, पण दिग्दर्शक म्हणून आपलं नाव लावू दिलं नाही. पहिला प्रयोग होण्याआधीच ते पॅरिसला परतले. राष्ट्रीय नाट्यगृहाची मंडळी १९६३ मध्ये उभी राहिली, तीही सुरुवातीला याच ओल्ड व्हिकमध्ये. बार्कर यांचं निधन होऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती.