गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधताय? आधी हे वाचा
डहाणू-तलासरीत लाईट बिल अडकलं, गॅस बुक होईना, की आपण गुगलवर 'कस्टमर केअर' टाकतो आणि पहिला दिसेल तो नंबर लावतो. वर दिसणारा नंबर कधी पैसे भरून केलेली जाहिरातही असते. बाजूला बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, पण ते वाचतंय कोण! महावितरणसाठी थेट १९१२ लावा. बँकेचा नंबर एटीएम कार्डाच्या मागेच छापलेला असतो. समोरच्याने स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. त्यातून तुमचा ओटीपीसुद्धा त्याला दिसतो. पैसे खात्यात यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच, तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर कळवा. पुढे काढले गेले नसतील तर ती रक्कम गोठवता येते.