युगांडातील एक रस्ता आणि लिंगाधारित हिंसा

विकासकामांमुळे स्त्रियांवरील हिंसा कमी व्हावी, अशी अपेक्षा असते. काही वेळा ती कामाबरोबरच गावात येते. पश्चिम युगांडात कामवेंगे ते फोर्ट पोर्टल हा 66 किलोमीटरचा रस्ता जागतिक बँकेच्या कर्जातून होत होता. तिथल्या मजुरांनी अल्पवयीन मुलींचे लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी केल्या. काही मुली गरोदर राहिल्या, त्यांची शाळा सुटली. डिसेंबर 2015 मध्ये बँकेने प्रकल्पाचा निधीच रद्द केला.

असे का होते? घरापासून लांब आलेले पुरुष, त्यांच्या हातात रोख मजुरी, आणि भोवती गरीब घरे. तक्रार ऐकायला बसलेला माणूस बहुधा ठेकेदाराचाच. शिवाय निधी थांबवल्याने त्या मुलींच्या हाती काय पडले, हा प्रश्न उरतोच. त्यांच्यासाठी मदतीचे काम नंतर वेगळे उभे करावे लागले.

बँकेने 2016 मध्ये या विषयावर कृतिदल नेमले. आता मोठ्या बांधकामांत धोका किती आहे ते आधी तपासतात, मजुरांकडून आचारसंहितेवर सही घेतात, उपचार आणि कायद्याची मदत जवळ कुठे मिळेल ते शोधून ठेवतात. जास्त धोक्याच्या कामांत या अटी न पाळणाऱ्या ठेकेदाराला 2021 पासून 2 वर्षे बाद करता येते.

सामाजिक समावेशन हा शब्द जड वाटतो, पण तो इथेच कळतो. तक्रारपेटी साइट ऑफिसच्या दारात असेल, तर लिहिता न येणारी बाई किंवा बहिरी मुलगी काय करणार? म्हणून गावातल्या विश्वासू बाईला तोंडी सांगण्याची सोय लागते. पोलिसांत जायचे की नाही, हे शक्यतो पीडितेनेच ठरवायचे असते.