आपली पुस्तकं रद्दीत कोण घालतं?



सोलापुरात आम्ही काही कार्यकर्ते मिळून रविवारी अभ्यासवर्ग चालवतो. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह वाचायचं ठरलं, तेव्हा जुन्या प्रतींसाठी आम्ही रद्दीची दुकानं पालथी घातली. तीन प्रती मिळाल्या. त्यातल्या एकीवर शाईनं लिहिलेलं होतं, '६ डिसेंबर, चैत्यभूमी'. कुणीतरी पोटाला चिमटा काढून दादरहून आणलेलं पुस्तक त्याच्याच घरातून किलोच्या भावानं गेलं होतं.

हा संग्रह १९६३ साली आला. त्याआधी १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं होतं आणि अण्णा भाऊ साठे त्याचे उद्घाटक होते. पण आपल्या वस्तीचं जगणं कसलीही सजावट न करता मांडणारी बागुलांची कथा प्रस्थापित वाचकाला हादरवून गेली. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो आणि परक्या गावात डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो. आज शहरात खोली शोधणाऱ्या आपल्या पोरांना घरमालक आधी आडनाव विचारतो. मग ही कथा जुनी कशी? आमच्या लेखी ती समकालीनच आहे.

जुनं पुस्तक विकत घेण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी बाबासाहेब आठवावेत. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकताना त्यांनी सुमारे दोन हजार जुने ग्रंथ जमवले, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. हाती बेताची शिष्यवृत्ती, त्यातून घरी पैसे पाठवायचे, तरी ग्रंथ घेणं थांबलं नाही. पुढे १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहांबरोबर वाचनालयं काढणं हेही सभेचं उद्दिष्ट होतं. सभेचं वसतिगृह जानेवारी १९२५ मध्ये सुरू झालं, ते आपल्याच सोलापुरात! त्या शहरात आपली पुस्तकं रद्दीत सापडावीत, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

काहीजण म्हणतात, जुनी प्रत घेतली तर लेखकाला मानधन मिळत नाही. हे खरं आहे. म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. ज्याला परवडतं त्यानं बाजारात असलेलं पुस्तक नवंच घ्यावं, विशेषतः आज लिहिणाऱ्यांचं. पण ज्याच्या खिशात पन्नास रुपयेच आहेत, त्यानं वाचायचंच नाही का? आणि ज्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघत नाही, ती रद्दीवाल्याकडून सोडवून आणणं हे चळवळीचंच काम आहे.

दोष रद्दीवाल्याला देऊ नका. तो बिचारा वजन करतो. बाप वाचत होता, पण त्यानं काय वाचलं हे मुलांना ठाऊकच नसतं. बाप गेला, घर रंगवायला काढलं की पहिली पोती पुस्तकांची भरतात. जयंतीला डीजेसाठी वर्गणी जमते, मग विहारात एका कपाटासाठी का जमू नये? कपाट आणा, एक नोंदवही ठेवा आणि वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन विचारा, 'काका, तुमची पुस्तकं कुठं आहेत?'

त्या तीन प्रती आता आमच्या वर्गात फिरताहेत. ज्यानं वाचली, त्यानं पुढच्याला ती कथा सांगायची आणि मगच प्रत द्यायची, एवढाच नियम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!