क्लच घसरणे (तेलगळतीनंतरचे)

इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्सपर्यंत पूर्ण न पोचण्याचा दोष. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे चढतात, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही. गॅरेजच्या बोलीत ‘क्लच स्लिप मारतो’. झिजलेली प्लेट हे नेहमीचे कारण. ही नोंद मात्र तेल गळू लागल्यावर उद्भवणाऱ्या घसरणीपुरती आणि कोरड्या, एकेरी प्लेटच्या क्लचपुरती आहे.

गळतीशी संबंध : हायड्रॉलिक क्लचमधले तेल कमी झाले की क्लच घसरतो, हा समज चुकीचा आहे. पकड धरण्याचे काम प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग करते. तेलाचा दाब ती पकड फक्त सोडवतो. तेल संपले तर पॅडल मऊ पडते, गिअर अडतात, रिव्हर्स टाकताना खरखर होते, म्हणजे क्लच सुटतच नाही. घसरण्यासाठी तेल प्लेटच्या लायनिंगपर्यंत पोचावे लागते. स्लेव्ह सिलिंडर आणि रिलीज बेअरिंग एकत्र करून बेल हाउसिंगच्या आत बसवलेले असतील, तर हे घडते. सिलिंडर बाहेर असेल तर तेल सहसा जमिनीवर पडते. एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा : गळती दिसल्यावर घाईत ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल भरले, तर मास्टर सिलिंडरमधले रबर फुगते, तेल परतण्याचे छिद्र बुजते आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. अशा वेळी प्लेट कोरडी असूनही क्लच घसरतो.

तेलाची ओळख : निदानाचा खरा गाभा हाच. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी बेल हाउसिंगच्या तळाशी कोरा पुठ्ठा रात्रभर ठेवावा. काळपट, जळकट वासाचा डाग इंजिन ऑइलचा. संशय क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलवर. दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे तेल गिअरबॉक्सचे. तिथे इनपुट शाफ्टचे सील पाहावे. पातळ, पिवळसर थेंब पाण्यात टाकल्यावर विरघळला तर ते ब्रेक ऑइल (डॉट ३ किंवा डॉट ४). बाकीची दोन्ही तेले तरंगतात. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेले तेलही इंजिनाच्या पाठीवरून ओघळत नेमके इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्या सांध्यावर येते. म्हणून इंजिन वरून खाली धुऊन, गाडी थोडी चालवून पुन्हा पाहिल्याशिवाय मागच्या सीलला दोष देऊ नये. ब्रीदर तुंबला असेल तर क्रँककेसमधला दाब वाढतो आणि नवे सीलही गळू लागते. ॲम्बॅसडरचे १४८९ घ.सें.चे पेट्रोल इंजिन ज्या ब्रिटिश बी-मालिकेतले, तिच्या तीन बेअरिंगांच्या इंजिनांत मागच्या बाजूला रबरी ओठाचे सील नव्हतेच. तेल आत परतवण्यासाठी उलट्या आट्यांची रचना होती.

चाचणी : इंजिन गरम, जागा सपाट आणि मोकळी, हँडब्रेक घट्ट. वरचा गिअर टाकून, फेरे सुमारे २,००० वर ठेवून क्लच सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर पकड आहे. चालूच राहिले तर घसरण पक्की. ही चाचणी प्लेट तापवते, म्हणून पुन्हापुन्हा करू नये. दोष कोवळा असताना ती फसवी ठरते. मग वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावे : फेऱ्यांचा काटा उसळतो आणि गाडी मागे राहते. पहिल्या गिअरमध्ये उचलताना गाडी थरथरत असेल तर लायनिंगवर तेल असण्याची शक्यता वाढते. नुसत्या झिजेत हे कमी आढळते. मारुती ८०० सारख्या केबलच्या क्लचमध्ये आधी पॅडलचा फ्री प्ले तपासावा.

उपाय : आधी गळती बंद करावी, मगच प्लेट बदलावी, उलट क्रमाने केलेला खर्च वाया जातो. तेलकट प्लेट पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवण्याची पद्धत आहे. तिच्याविषयी कारागिरांत एकमत नाही. लायनिंगमध्ये मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येत असल्याने नवी प्लेटच इष्ट. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट पुसून निळे डाग व तडे पाहावेत. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. धूळ हवेने उडवू नये.

दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील : सहसा लेथवर घासत नाहीत.

ओला क्लच : बहुतेक मोटारसायकलींत. प्लेटा तेलातच चालतात. घसरण झाल्यास तेलाचा प्रकार तपासावा.