काळ्या सायकलचं कूळ

दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून निघालेली काळी सायकल दिसायला पक्की देशी; माहेर मात्र इंग्लंडातलं. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास सारख्या दोन चाकांची, मागचं चाक चेनने फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. तीन वर्षांनी डनलॉप यांचा हवेचा टायर आला आणि हाडं खिळखिळी व्हायची थांबली. त्याच सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात सायकली विकू लागले. तेव्हा ती साहेबाची आणि सावकाराची चैन होती.

तिची गरज झाली स्वातंत्र्यानंतर. मद्रासला टी. आय., आसनसोलला सेन-रॅले हे कारखाने इंग्लिश भागीदारीत उभे राहिले. १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस निघाली. पण स्वस्ताईचं गाव ठरलं लुधियाना. आज पाकिस्तानात असलेल्या कमालियाचे मुंजाल बंधू अमृतसरला सुट्या भागांचा धंदा करत होते. पुढे ते लुधियानात आले. त्यांच्या सायकलचं ‘हीरो’ हे नाव मुळात सीट बनवणाऱ्या करीमदीन यांचं. पाकिस्तानात जाताना त्यांनी ते देऊन टाकलं, असं मुंजाल घराण्यात सांगतात. १९५६ मध्ये परवाना मिळाला आणि पहिल्या वर्षी ६३९ सायकली निघाल्या. १९८६ मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून ‘हीरो’ची नोंद झाली.

या तीस वर्षांत काळी सायकल जवळजवळ बदललीच नाही, आणि स्वस्ताईची मेख तिथेच आहे. २८ इंची चाकं, आडवी दांडी, रॉड ब्रेक. मापं ठरलेली, म्हणून कुणी नुसती पेडलं करायची, कुणी आरे, कुणी घंट्या; लुधियानात अशी छोटी वर्कशॉप्स फोफावली. कंपनीला सगळं स्वतः घडवायची गरज उरली नाही.

दुरुस्तीही तशीच सोपी. रॉड ब्रेकला केबलच नाही, तर तुटणार काय? ब्रेक ओढला की सळई वर खेचली जाते आणि रबराचे दोन ठोकळे रिमला आतल्या बाजूने दाबतात. रबर झिजलं, ठोकळे बदला, निघा. चाक डुलायला लागलं तर मिस्त्री आऱ्यांची निपलं एकेक पिळून आऊट काढतो. सायकल कुठल्या कंपनीची, हे त्याला विचारावंही लागत नाही.

मोपेड आणि मोटारसायकलींनी पुढे मोठी माणसं पळवली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. पण स्वस्त सायकलला नवं गिऱ्हाईक मिळालं होतं ते सरकारी योजनांमुळे. बिहारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये दिले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळतात. या पोरींच्या सायकलला आडवी दांडी नसते. एवढी एक दांडी सोडली, तर आरे, चेन, चाक यांचं कूळ तेच.