कोयता आणि आकडी

जंगलात एकच हत्यार नेता येणार असेल तर कोणते न्यावे, यावर हल्ली पोलादाची जात आणि पात्याची जाडी मोजून बरीच चर्चा होते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे: कोयता. ते उत्तर बरोबर आहे असे माझे मत आहे. मात्र त्याचे अर्धे श्रेय पात्याला आणि अर्धे आकडीला द्यायला हवे. आकडी म्हणजे कमरेच्या मागे दोरीने बांधलेला, खाच असलेला लाकडी तुकडा. कोयता तिच्यात अडकवला की दोन्ही हात मोकळे. ऐनाच्या झाडावर चढायचे, फांदीवर पाय रोवायचे, मग हात मागे नेऊन न बघता कोयता काढायचा, आणि घाव घालून झाला की तसाच परत अडकवायचा. म्यानात कोंडलेले पाते चार महिन्यांच्या पावसात गंजून जाईल. आकडीतले उघडे पाते निथळते आणि वाळते. कोडगूमध्येही कोडव लोकांची रुंद, वाकडी ओडिकत्ती पाठीमागच्या धातूच्या आकड्यात अडकवलेली असते. डोंगर तोच, पाऊस तोच, म्हणून सोयही तीच सुचली असावी.

पात्याचा बाकही असाच कामातून आला आहे. टोक आत वळलेले असल्याने फांदी निसटत नाही, ती ओढून घेता येते. आणि झुडूप बुंध्याशी तोडताना धार दगडावर आपटण्याआधी बाहेरचा बाक आपटतो. लोहार पाणी देतो ते फक्त धारेला. तापलेल्या पात्याची कड तेवढी पाण्यात बुडवायची, पाठ मऊच ठेवायची. त्यामुळे धार टिकते आणि गाठीवर जोराचा घाव बसला तरी पाते तुटत नाही. त्याच पात्याने बांबू चिरतात, कुडाच्या भिंतीसाठी कारवी तोडतात, नारळ फोडतात, वाट मोकळी करतात. कोणी म्हणेल, हे शहाणपण कसले, ही तर गरिबी. दुसरे हत्यार घ्यायला पैसेच नव्हते. गरिबी होती हे खरेच. पण गरिबीमुळे हत्यारांची संख्या कमी होते, हत्याराला आकार येत नाही. आकार येतो तो लोहार आणि वापरणारा यांच्यातल्या अनेक वर्षांच्या देवघेवीतून.

याहून गंभीर आक्षेप इंग्रजी वनखात्याचा होता: कोयत्याने जंगल संपते. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. झाडांच्या कोयत्याने तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण जमिनीवर पसरून उन्हाळ्यात पेटवतात आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरतात. १८७८ च्या वनकायद्यानंतर या फांद्यांवर निर्बंध आले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. जोतीराव फुल्यांनीही १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्यामुळे शेतकऱ्यावर आलेल्या संकटाबद्दल लिहिले. वारंवार खांडलेले झाड खुरटते, हे मान्य करायला हवे. पण कोयता मुळात फांदीचे हत्यार आहे. जाड बुंध्यापुढे तो थकतो, तिथे कुऱ्हाडच लागते, आणि ही त्याची उणीव मी लपवत नाही. खांडलेल्या ऐनाला पुन्हा धुमारे फुटतात. रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि जहाजांसाठी मात्र पूर्ण वाढलेला साग बुंध्याशीच तोडला गेला. त्या काळातल्या जंगलतोडीचा हिशेब मांडताना कुऱ्हाड, करवत आणि बाजार यांना बाजूला ठेवून राबवाल्याच्या कोयत्यावर बोट ठेवणे अन्यायाचे होते.

म्हणून रानात वापरायचे हत्यार निवडताना ते काय काय कापते, याआधी ते अंगावर कसे राहते हे पाहावे. कोकणातल्या लोहाराकडून कोयता घेतलात, तर त्याच्यासोबत आकडीही मागून घ्या.