फ्रान्सचें कागदी वचन

जुनें नाणें इतिहासाचें साधन आहे असें म्हणण्यास कोणी संकोच करीत नाहीं. कागदी नोटेच्या वाट्यास हा मान क्वचितच येतो. वस्तुतः नाण्याच्या अंगीं धातूचें थोडेंबहुत मोल तरी असतें. नोटेजवळ दिलेल्या वचनाखेरीज दुसरें कांहींच नसतें. म्हणून ज्या राष्ट्राच्या वचनाची कसोटी लागली, त्याच्या नोटा अधिक बोलक्या असतात. दुसऱ्या महायुद्धानंतरचा फ्रान्स हें याचें उत्तम उदाहरण होय.

१९४४ च्या जूनमध्यें मित्रसैन्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलीं, तीं अमेरिकेंत छापलेल्या फ्रँकच्या नोटा बरोबर घेऊनच. त्यांच्या पाठीवर फ्रेंच तिरंगा होता. पण फ्रेंच प्रजासत्ताकाचें नांव नव्हतें. जनरल द गॉल यांनीं हें चलन खोटें ठरविलें. कागद चांगला, छपाई सुबक, आणि तरीही पैसा खोटा! वाद कागदाचा नव्हताच. फ्रान्सच्या नांवानें वचन देण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद होता. पुढील छपाईंत झेंड्याच्या जागीं ‘फ्रान्स’ हा शब्द आला.

अधिकाराचा प्रश्न सुटला, तरी मोलाचा सुटला नाहीं. युद्धकाळांत नोटांचा पूर आला होता. कांहीं रक्कम गोठवून ठेवावी, असा मांदेस-फ्रान्स यांचा आग्रह होता. तो मान्य न झाल्यानें १९४५ च्या एप्रिलांत त्यांनीं मंत्रिपद सोडलें. त्याच वर्षीं ४ ते १५ जूनच्या दरम्यान अर्थमंत्री प्लेव्हाँ यांनीं ५० फ्रँक व त्यांवरील नोटा बदलून घेतल्या, परंतु फ्रँकास फ्रँक देऊन. कोणाचें कांहीं गेलें नाहीं असें त्या दिवशीं वाटलें असेल. परंतु १९४४ च्या अखेरीस एका डॉलरला सुमारें ५० फ्रँक पडत, ते १९५८ च्या अखेरीस ४९३ वर गेले. जें मंत्र्यानें घेतलें नाहीं, तें महागाईनें घेतलें. आणि तेंही मुख्यतः रोखीनें शिल्लक टाकणाऱ्या साध्या माणसाचें.

१ जानेवारी १९६० रोजीं १०० जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला. या पालटाची खूण ज्या नोटांवर उमटली, त्या संग्राहकास विशेष प्रिय आहेत. ५०० च्या नोटेवरील व्हिक्तर ह्यूगो, १,००० वरील रिशल्य, ५,००० वरील चौथा हेन्री आणि १०,००० वरील बोनापार्ट यांच्या अंगावर अनुक्रमें ५, १०, ५० व १०० नव्या फ्रँकांचा शिक्का मारला गेला. कागद तोच, वीरपुरुष तोच. फक्त दोन शून्यें गळालीं. १९६३ पासून ‘नवा’ हें विशेषणही गेलें. तरी पुढें कित्येक वर्षें वृद्ध मंडळी जुन्या फ्रँकांतच हिशेब सांगत असत.

आमच्या संग्रहांतील बोनापार्टच्या नोटेस डाव्या अंगास टाचणीचीं चार भोकें आहेत. ती विकत घेतांना आम्हीं बरेच कांकूं केलें होतें. कारण कोरी, बिनभोकाची नोट मोलाची, असा संग्राहकांचा दंडक आहे. मागाहून कळलें कीं, फ्रान्सांत नोटांचीं पुडकीं टाचणीनें टोंचून ठेवण्याचीच रीत होती. त्यामुळें भोक हा डाग नसून नोट खरोखर व्यवहारांत वावरल्याचा पुरावा होय. तसेंच नोटेवरील तारीख ती लोकांच्या हातीं आल्याची तारीख असेलच असें नाहीं, हेंही नवख्यानें ध्यानीं ठेवावें.

याच नोटेवर, खोटी नोट करणारास जन्मभर सक्तमजुरी होईल, असा दंडसंहितेच्या १३९ व्या कलमाचा धाक छापलेला आहे. खऱ्या नोटेचें मोल उतरूं देणारास मात्र कोणतेंही कलम लागू नाहीं. कदाचित् तें लागूं शकतही नसेल. उद्ध्वस्त देश पुन्हा उभारणें हें सोपें काम नव्हतें, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि त्या चार भोकांकडे पाहतांना मनांत येतें कीं, एवढें होऊनही अनोळखी माणसांनीं ती नोट एकमेकांच्या हातून विश्वासानें घेतली. राज्याचें वचन उणें पडलें, तें लोकांच्या विश्वासानें सांवरून धरलें.